थंडीत सकाळी पीसी चालू होत नाही, दुपारी चालतो: एसएमपीएसचा दोष पकडायचा कसा

दिवाळी उरकली, हवेत गारवा आला की नाशिकमध्ये पीसीची एक तक्रार हमखास सुरू होते. सकाळी बटण दाबलं तर काहीच होत नाही. किंवा पंखा जरासा फिरून थांबतो आणि एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यातून, टिक-टिक असा बारीक आवाज येतो. पाच-सात वेळा बटण दाबलं, मागची पॉवर केबल काढून पुन्हा लावली की कधीतरी एकदाचा चालू होतो आणि मग रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. संक्रांत उलटून ऊन तापायला लागलं की तक्रार आपोआप मिटते. पुढच्या हिवाळ्यात ती जास्त जोरात परत येते, आणि एखाद्या सकाळी पीसी कायमचा बसतो.

मी पीसी दुरुस्तीचं काम करतो. हा दोष बहुतेक वेळा एसएमपीएसचा असतो, आणि बहुतेक वेळा तो सापडत नाही, कारण तो भलत्या वेळी शोधला जातो. गिऱ्हाईक पीसी रिक्षात घालून दुकानात आणतं तोवर अकरा-बारा वाजलेले असतात. पहाटे नऊ-दहा अंशांवर असलेला पारा तोवर पंचविसाच्या आसपास पोचलेला असतो. टेबलावर ठेवून बटण दाबलं की पहिल्या झटक्यात चालू. "दादा, सकाळी खरंच होत नव्हता हो," असं गिऱ्हाईक कळवळून सांगतं. मग दुकानदार रॅम काढतो, खोडरबरने घासतो, ब्लोअरने धूळ उडवतो, पुन्हा लावतो. पीसी चालू होतो आणि रॅमचाच प्रॉब्लेम होता असं दोघांचंही ठरतं. थोड्या दिवसांनी पीसी परत आला की विंडोज नवीन टाकलं जातं. पुन्हा आला की मदरबोर्ड गेला म्हणून सांगतात. चांगला मदरबोर्ड भंगारात जातो आणि आजारी एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडला जातो. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. कारण अशा जुन्या पीसीवर काम करणारे बहुतेक झेरॉक्सवाले, मराठी टायपिंग करणारे, टॅलीवर हिशोब लिहिणारे असतात, त्याच मशीनवर पोट असलेले.

म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: तपासणी सकाळी करा, मशीन थंड असताना, पहिलं बटण दाबायच्या आधीपासून.

थंडीचा संबंध काय

एसएमपीएसच्या आत वीज थोडा वेळ साठवून धरणारे, दंडगोल आकाराचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या पोटात ॲल्युमिनियमची गुंडाळलेली पट्टी, कागद आणि कागदात मुरलेला द्रव असतो. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून हा द्रव सुकत जातो. तो कमी झाला की कपॅसिटरचा आतला रोध वाढतो. दुरुस्तीवाले याला ईएसआर म्हणतात. हिवाळ्यात उरलासुरला द्रव घट्ट होतो, बाटलीतलं खोबरेल तेल होतं तसा, आणि ईएसआर आणखी चढतो. धडधाकट कपॅसिटरला नाशिकची थंडी जाणवतही नाही, तो शून्याच्या खालीसुद्धा काम करतो. अर्धा सुकलेला मात्र दहा अंशांवरच अडतो.

अडतो तोही नेमका सुरुवातीला. एसएमपीएस चालू होताना कंट्रोल आयसीला, म्हणजे त्याला चालवणाऱ्या चिपला, स्थिर पुरवठा लागतो, आणि तो धरून ठेवायचं काम एका छोट्याशा कपॅसिटरवर असतं. तो धरू शकला नाही की आयसी जागा होतो, लगेच झोपतो, पुन्हा जागा होतो. टिक-टिक आवाज बऱ्याचदा याचाच. एकदा का गाडी सुरू झाली की विजेच्या वहनाने कपॅसिटर आतून तापतो, ईएसआर उतरतो आणि दिवसभर काही कळत नाही.

कपॅसिटर खराब होतो तो एप्रिल-मेच्या उष्णतेत, दिसतं ते डिसेंबरमध्ये. ढोबळ नियम असा की कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी कमी ठेवलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. टेबलाखालच्या बंद कप्प्यात, धुळीने बुजलेल्या जाळीमागे उन्हाळा काढलेला एसएमपीएस हिवाळ्यात का रडतो ते यावरून लक्षात येईल. सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर दोन्ही बाजूंनी मार बसतो, दुपारी पत्रा तापतो आणि रात्री तोच पत्रा गार पडतो. निफाडकडे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत तिथल्या दुकानांतले पीसी सगळ्यात जास्त येतात.

नाशिकरोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानातल्या काकूंनी मला एक गोष्ट सांगितली होती, ती या दोषाची सगळ्यात पक्की खूण आहे. "सोमवारी जास्त त्रास देतो बघा. रविवारी दुकान बंद असतं ना." मशीन जितका जास्त वेळ थंड आणि बंद राहिलं, तितका चालू व्हायला जास्त त्रास. रॅम, विंडोज किंवा व्हायरस यांपैकी कशालाच रविवारची सुट्टी कळत नाही. मी शटर उघडायच्या वेळी तिथे गेलो, मीटर लावला आणि त्यांना बटण दाबायला सांगितलं. बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर आकडा सातपर्यंत चढला आणि खाली आला. पुन्हा दाबलं, नऊपर्यंत गेला. थोड्या वेळाने बारावर जाऊन थांबला आणि स्क्रीनवर विंडोज उघडलं. त्यानंतर दिवसभर तो आकडा हलला नसता, आणि माझ्या दुकानात तो मला कधीच दिसला नसता.

आधी भिंत, मग यूपीएस

सकाळचा वेळ म्हटला की आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे गीझर. सहा ते नऊच्या दरम्यान घरोघरी दोन-तीन किलोवॅटचे गीझर लागतात, आणि थंडीत जास्त वेळ लागतात. जुन्या वायरिंगमध्ये किंवा सैल जोडणीत तेवढ्या वेळात व्होल्टेज चांगलंच खाली येतं. खेड्यांकडे, दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात, थ्री फेज आली की विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात, तेव्हाही असंच. दोष एसएमपीएसचा आहे की भिंतीचा, हे आधी वेगळं करायला हवं.

मल्टिमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून पीसीच्या शेजारच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल व्होल्टेज बघा. आपल्याकडे ते २३० असायला हवं. गीझर चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा बघा. पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या एटीएक्स या मानकाप्रमाणे २३० व्होल्टच्या एसएमपीएसने १८० ते २६५ पर्यंत काम करायला हवं. म्हणजे व्होल्टेज २१० असताना पीसी चालू होत नसेल, तर दोष भिंतीचा नाही. १७०-१७५ वर येत असेल, तर एसएमपीएसला हात लावायच्या आधी वायरमनला बोलवा. गीझर बंद ठेवून एका सकाळी पीसी चालू करून पाहिला तरी अर्धं उत्तर मिळतं.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही मीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. तिथे पंधरा-वीस दिसत असतील तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग नावालाच आहे. एका खोलीतले दिवे अचानक प्रखर आणि दुसरीतले मंद होत असतील, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करा. न्यूट्रल तुटला की काही खोल्यांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने जाऊ शकतं आणि त्यात पीसीबरोबर टीव्ही-फ्रीजही जातात. अशा वेळी महावितरणला १९१२ वर कळवा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रारही यात मिसळून येते. तो बहुधा एसएमपीएसचा दोष नसतो. आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर अर्ध्या व्होल्टेजचा, म्हणजे ११५ च्या आसपासचा, अगदी कमी ताकदीचा करंट राहतो. उपाय अर्थिंग हाच. पण झिणझिणीऐवजी सणसणीत शॉक बसत असेल तर ते मशीन वापरू नका.

मग यूपीएस. एका सकाळी तो वगळून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि बॅटरी थकली की काही यूपीएस चालूच होत नाहीत किंवा चालू होऊन लगेच पडतात. लाइट गेल्यावर पीसी रीस्टार्ट होतो ही तक्रार असेल तर पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. भिंतीला थेट लावूनही सकाळचा त्रास तसाच असेल, तर यूपीएस सुटला.

दोन रात्रींची परीक्षा

या परीक्षेला मीटरही लागत नाही. आपल्याकडे रात्री भिंतीतल्या बोर्डावरचं बटण बंद करायची सवय असते आणि ती चांगलीच आहे. पण या परीक्षेपुरती एक रात्र बटण चालू ठेवा, पीसी मात्र नेहमीसारखा शटडाउन करा. सकाळी पहिल्यांदा दाबल्यावर काय होतं ते बघा. दुसऱ्या रात्री बोर्डावरचं बटण बंद ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. दोन्ही रात्री थंडी साधारण सारखी असावी, ढगाळ हवा आली तर परीक्षा पुढे ढकला.

बोर्डावरचं बटण चालू असलं की पीसी बंद असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतो. त्यामुळे आतले काही कपॅसिटर भारित आणि थोडे कोमट राहतात. बटण चालू ठेवलेल्या रात्रीनंतर पीसी पहिल्या झटक्यात उठला आणि बंद ठेवलेल्या रात्रीनंतर अडला, तर सुकलेल्या कपॅसिटरचा संशय जवळजवळ पक्का झाला. यानंतर कोणी बटण कायमचं चालू ठेवा असा सल्ला देईल. त्याने दोष जात नाही. लाइट गेलेल्या पहाटे पीसी अडणारच.

या परीक्षेत एक गल्लत होऊ शकते. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला असेल तर तोही बोर्डावरचं बटण बंद केलेल्या रात्रीनंतरच त्रास देतो, कारण बटण चालू असताना घड्याळाला स्टँडबायचा पुरवठा मिळत असतो. फरक असा की सेल संपलेल्या पीसीचे पंखे फिरतात, स्क्रीनवर काहीतरी येतं, तारीख काही वर्षं मागे गेलेली असते आणि एफ१ दाबा असा संदेश दिसतो. सेल मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा. तो बदलायला पन्नास रुपयेही पुरतात. घाई करून एसएमपीएस बदलू नका.

मीटर लावून पाहणं

चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर यासाठी पुरेसा आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन कुठल्याही काळ्या वायरीत, किंवा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर. लाल पिन २४ पिनी मोठ्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर जिथून आत जाते तिथून, अलगद सरकवायची. कनेक्टर मदरबोर्डला लावलेलाच हवा. पिन घसरून शेजारच्या वायरीला लागू देऊ नका, बाराची वायर स्टँडबायला भिडली तर मदरबोर्ड जाईल. हात थरथरत असतील किंवा उजेड कमी असेल तर हे काम सरळ दुसऱ्याकडे द्या.

सकाळी, बोर्डावरचं बटण चालू करून, पण पीसीचं बटण दाबायच्या आधी, पहिली वायर जांभळी. तिथे ५ व्होल्ट हवेत. ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालतं. काहीच येत नसेल तर २४ पिनी कनेक्टर आणि प्रोसेसरचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा आणि पुन्हा मोजा. सुटा काढल्यावरही शून्य, तर एसएमपीएस गेला. सुटा काढल्यावर ५ व्होल्ट येतात आणि जोडल्यावर बसतात, तर मदरबोर्डवर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडा साडेचार, चार असा खालीवर होत असेल, तर ज्या दोषाबद्दल आपण बोलतोय तोच हा.

जांभळीचा आकडा साडेपाचच्या वर दिसला तर मात्र तिथेच थांबा आणि ते मशीन पुन्हा चालू करू नका. जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये स्टँडबायच्या सर्किटमधला एक कपॅसिटर सुकला की व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढत जातं आणि मदरबोर्ड जाळतं. पाच-सात वेळा बटण दाबून चालू होतोय ना, मग चालू दे, असं म्हणू नका असं मी सगळ्यांना सांगतो, ते यामुळेच.

दुसरी वायर हिरवी, १६ नंबरची. तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या वायरी असतात, त्यावरून ओळखता येते. बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे पिनांचा नकाशा समोर ठेवूनच हात लावा. पीसी बंद असताना हिरवीवर ५ च्या जवळपास व्होल्टेज असतं. बटण दाबलं की मदरबोर्ड ते शून्याजवळ खेचतो, हाच एसएमपीएसला चालू होण्याचा हुकूम. आता निर्णय सोपा आहे. बटण दाबल्यावर हिरवी शून्यावर आली आणि तरी पिवळी, लाल, केशरी यांवर काही येत नाही किंवा येऊन पडतं, तर बहुतेक वेळा दोष एसएमपीएसमध्ये. हिरवी ५ वरच राहिली, तर हुकूमच निघत नाहीये. तेव्हा पुढच्या पॅनलचं बटण तपासा. त्याची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. चालू झाला तर दोष फक्त बटणाचा, तोही बऱ्याच पीसीत असतो.

तिसरी करडी, हिरवीच्या समोरच्या ओळीत, जांभळीच्या शेजारी. सगळी व्होल्टेज स्थिर झाली की एसएमपीएस या वायरीवर ५ व्होल्ट देऊन सगळं ठीक असल्याचं मदरबोर्डला कळवतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये हे अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच, बीपही नाही, अशी अवस्था असेल तर करडी मोजाच. ती शून्यावर असेल तर प्रोसेसर कामालाच लागत नाही. अशा मशीनवर लोक ग्राफिक कार्ड आणि रॅम बदलत बसतात.

बाकीचे आकडे: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४६. निळी उणे बारा, ती थोडी इकडेतिकडे असली तरी आजच्या मशीनला फरक पडत नाही. बायोसमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका. मदरबोर्डवरच्या सेन्सरचे ते आकडे कधीकधी साफ चुकीचे असतात.

साध्या मीटरने एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे रिपल. कपॅसिटर सुकले की सरळ डीसीवर बारीक लाटा उमटतात. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे १२.०५ असा देखणा आकडा दिसूनही पीसी अडू शकतो. बाराच्या वायरीवर १२० मिलिव्होल्टपर्यंतच्या लाटा नियमात बसतात, त्यापुढचं बघायला ऑसिलोस्कोप लागतो. मीटर सगळं ठीक म्हणतोय आणि लक्षणं सगळी थंडीचीच आहेत, अशा वेळी चांगला एसएमपीएस एका सकाळपुरता उसना लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग. तोही सकाळीच.

दुरुस्तीवाल्यांसाठी

तुमच्याकडे आलेला पीसी दुपारी चालतोय म्हणून परत देऊ नका. रात्रभर दुकानात ठेवून घ्या, सगळ्या वायरी काढून. सकाळी शटर उघडल्यावर आधी हे मशीन घ्या. जागा नसेल तर फक्त एसएमपीएस काढून रात्रभर गॅलरीत कोरड्या जागी ठेवा. सकाळी तो सुटाच, हिरवी आणि शेजारची काळी वायरीच्या तुकड्याने जोडून, जुना पंखा किंवा डीव्हीडी ड्राइव्ह लोड म्हणून लावून मग भिंतीतून चालू करा. सकाळी अडला आणि दुपारी पहिल्या झटक्यात चालू झाला, तर गिऱ्हाइकाला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. एसएमपीएस फ्रिजमध्ये ठेवून बघायचा मोह मात्र टाळा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि त्यावर २३० व्होल्ट सोडणं धोक्याचं आहे.

उलटी परीक्षाही करता येते. अडलेल्या सकाळी बोर्डावरचं बटण बंद करून एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून हेअर ड्रायरची कोमट हवा काही मिनिटं द्या, फक्त एसएमपीएसला, मदरबोर्डला नाही. मग चालू करा. लगेच उठला तर आणखी शोधायचं कारण नाही.

हिरवी-काळी जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. बारा व्होल्टचा पंखा नऊ व्होल्टवरही मजेत फिरतो. चालू मशीनमध्ये, पिवळी वायर मीटरला लावलेली असताना गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू करा. १२.१ वरून ११.९ वर आला तर ठीक. ११.४ च्या खाली गेला तर वर्षाचे बाराही महिने त्रास होणार.

बाराही महिन्यांचा त्रास म्हणजे काम करता करता एकदम काळी स्क्रीन आणि रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्युअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ दिसला की लोक थेट एसएमपीएस आणायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं. तपशिलात बगचेककोड शून्य असेल, म्हणजे निळी स्क्रीन न येताच गेलं असेल, तर वीजपुरवठ्यावरचा संशय वाढतो. त्याआधी प्रोसेसरचं तापमान बघून घ्या, उष्णतेनेही मशीन असंच जातं. काही काम नसताना, कधीही, कुठेही रीस्टार्ट होत असेल तर रॅमकडे जा. खोडरबरची खरी जागा तिथे आहे.

पावसाळ्यातले दोष वेगळेच. आत पाल किंवा मुंग्या शिरून शॉर्ट झालेले एसएमपीएस आषाढ-श्रावणात येतात. त्यासाठी कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या बंद ठेवणं एवढंच करता येतं.

बदलायचा की दुरुस्त करायचा

एसएमपीएसचं झाकण घरी उघडू नका. २३० व्होल्टचं डीसी केलं की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्यात ३८० च्या पुढे, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघायला हरकत नाही. कपॅसिटरचं डोकं सपाट हवं. वर फुगलेलं किंवा तपकिरी चिकट डाग पडलेलं दिसलं तर उत्तर मिळालं. मात्र छोटा स्टार्टचा कपॅसिटर न फुगताही सुकतो, त्यामुळे सगळी डोकी सपाट दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. फ्यूज उडालेला एसएमपीएस नुसता फ्यूज बदलून चालू करून देणाऱ्याकडेही देऊ नका. फ्यूज बहुतेक वेळा आतला मॉसफेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट झाल्यामुळे उडतो, तो तसाच ठेवला तर पुन्हा उडणार.

चांगल्या प्रतीचा, जास्त वॅटचा एसएमपीएस असेल तर जाणकाराकडून कपॅसिटर बदलून घेणं परवडतं. स्वस्तातल्याला तेवढे पैसे घालू नका. नवा घेताना एमजी रोडवर चार दुकानं फिरा, पण खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि बाराने गुणा. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट. '४५०' छापलेल्या डब्यावर तिथे १६ असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाला मिळणार फक्त १९२. आजच्या मशीनचं जवळजवळ सगळं ओझं याच बारावर असतं. स्टिकरवर हा रकानाच नसेल तर तो डबा परत ठेवा. जुन्या आयात मशीनचा एसएमपीएस घेत असाल तर मागे ११५-२३० चं लाल बटण आहे का बघा. ते ११५ वर असताना आपल्या सॉकेटला लावलं की मोठा आवाज होऊन तो तिथेच संपतो.

नवा बसवल्यावर लगेच बिल मिटवून विसरून जाऊ नका. थंडीच्या काही रात्री बोर्डावरचं बटण मुद्दाम बंद ठेवा, त्यात एखादी सुट्टीची रात्रही येऊ द्या, आणि सकाळी पहिलं बटण दाबून बघा. प्रत्येक वेळी पहिल्या झटक्यात उठला तर काम झालं. नवा चांगला एसएमपीएस असूनही तसंच अडत असेल, तर टॉर्च घेऊन मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवतीचे कपॅसिटर बघा. जुन्या बोर्डांवर तेही याच पद्धतीने सुकतात, आणि हेअर ड्रायरची कोमट हवा आता तिकडे द्यायची.